अकरा मिनिटांनंतरची हाक

अंगुयो नालोंगोंच्या नजरेत पहिल्यांदा भरला तो सायकलच्या पंपामुळे. मसाका गावातल्या टॅक्सीतळामागे, फणसाच्या झाडाखाली, एक लांबलचक हातापायांचा तरुण कॉम्प्युटर उघडून त्यात पंपाने हवा मारत होता. धुळीचा लोट उठला, तो स्वतःच खोकला आणि कॉम्प्युटरला म्हणाला, "माफ कर हं, म्हाताऱ्या."

नालोंगो बाजारातून निघाल्या होत्या, त्या थांबल्या. यंत्राची माफी मागणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"कुठला रे तू?"

"उत्तरेकडचा, आरुआचा, न्याबो," तो अदबीने म्हणाला.

"तरीच. आमची लुगांडा अशी बोलतोस, जसं काही तोंडात उकडलेल्या केळ्याचं गरम मातोके आहे."

"चार वर्षं फुंकतोय, न्याबो. निवत नाही."

त्या हसल्या. पुढे येता-जाता त्याच्याशी दोन शब्द बोलायची सवयच लागली. पोरगा कामाचा होता. भाषा मात्र त्याने बाजारात उचललेली. शब्द सगळे समजत, पण शब्दाच्या पोटात काय आहे ते कधीकधी निसटून जाई.

नालोंगो शाळांच्या प्रश्नपत्रिका घरी टाइप करून देत. वास्वा आणि काटो जन्मले त्या दिवसापासून त्यांचं स्वतःचं नाव मागे पडलं. जुळ्यांची आई ती नालोंगो, बस. त्यांचा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घेई. त्या बटण दाबत आणि मागच्या अंगणात केळी सोलायला बसत. चौदा वर्षांच्या वास्वाने त्यावर तोड काढली होती. त्याने स्वतःचा आवाज भरून ठेवला आणि कॉम्प्युटर पुरता जागा झाला की तो वाजेल अशी व्यवस्था केली. अकराव्या मिनिटाला घरातून आईला हाक येई, "मामा, तयार झालंय, ये!"

त्याच वर्षी तापाने वास्वा उडाला. जुळं मूल गेलं तर मसाक्यात कुणी 'मेलं' म्हणत नाही. ते उडालं म्हणतात, आणि पुढे काही विचारत नाहीत. हाक तेवढी राहिली. तीन वर्षं रोज सकाळी नालोंगोंनी केळीची सालं बाजूला सारली, "आले रे" म्हटलं आणि त्या आत गेल्या.

मग विजेचा ताल बिघडला. सकाळी तासभर येई, त्यातही मधेच जाई, की पुन्हा अकरा मिनिटं. एकाच सकाळी दोनदा हाक ऐकायला मिळाली तर नालोंगोंना मनातून वाईट वाटत नसे. पण प्रश्नपत्रिका उशिरा जाऊ लागल्या आणि मुख्याध्यापिकाबाईंनी दुसरी टाइपिस्ट बघते म्हणून बजावलं. नालोंगोंनी अंगुयोला घरी बोलावलं.

तो वास्वाच्या स्टुलावर बसला. बराच वेळ पडद्याकडे बघून म्हणाला, "न्याबो, हा तर तुमच्यातला अस्सल मुगांडा आहे."

"म्हणजे रे?"

"उठला की दारातल्या प्रत्येकाची खुशाली विचारतो. घरचे कसे, शेजारी कसे, शेळी कशी. सोळा जण उभे आहेत दारात. त्यांना वाटेला लावू, मग बघा कसा उठतो ते."

"लाव बाबा. आणि तुम्ही आरुआचे लोक कुणाची खुशालीच विचारत नाही वाटतं?"

"विचारतो की. पण चालता चालता."

मग तो आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांचं एकेक नाव वाचत गेला. छपाईची आठवण करून देणारा, मुदत संपलेला राखणदार, कुठलासा खेळ.

"आणि हा वास्वा कोण?"

नालोंगो दारात पाठमोऱ्या केळी सोलत बसल्या होत्या. सुरी थांबली. "माझा मुलगा. उडाला तो."

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

"बरं," अंगुयो म्हणाला. त्या वर्षांत गावातली निम्मी पोरं विमानाने आखातात कामाला उडाली होती. त्याने पुढे विचारलं नाही. नालोंगोंना वाटलं, पोरगा आपल्यातला नसूनही रीत जाणतो.

कॉम्प्युटर तो दुकानात घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी नवी डिस्क बसवून, प्रश्नपत्रिका तेवढ्या तिच्यावर उतरवून परत आणला आणि बटण दाबून मोठ्याने आकडे मोजू लागला.

"एकोणीस! एकोणीस सेकंद, न्याबो!"

नालोंगो उभ्याच राहिल्या. अंगुयो हसत होता.

"हाक नाही आली," त्या म्हणाल्या.

"हाकेचं काय काम आता? तुम्ही वळेपर्यंत हा तयार. आणि तुमचा वास्वा दुबईत आहे का दोह्यात? त्याला सांगा, फोनवरून नवी पाठव. आता तर आवाजही फुटला असेल त्याचा."

नालोंगो खाली बसल्या. "अंगुयो," त्या हळू म्हणाल्या, "जुळी मुलं विमानाने उडत नाहीत रे."

त्याला कळेना. त्यांनी घरामागच्या केळीच्या बागेकडे बोट केलं. तिथला सिमेंटचा लहानसा ओटा त्याने येता-जाता पाहिला होता.

जुनी डिस्क त्याने आदल्याच दिवशी पुसून एका दवाखान्याच्या कॉम्प्युटरमध्ये बसवली होती. तो तसाच धावत गेला. दवाखान्याला दुसरी डिस्क देऊन ती सोडवून आणली. दुसरं काम न घेता तीन महिने तिच्यातलं पुसलेलं काढत बसला. मधे काटो कंपालाहून आला तेव्हा त्यानेच म्हटलं, "मामा, मी म्हणून देतो ना ती हाक." त्याने म्हणूनही पाहिलं. तो आता बापाच्या आवाजात बोलत होता. नालोंगोंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "राहू दे, बाळा."

शेवटी अंगुयोच्या हाती लागले दोन सेकंद. त्याने स्वतः नालोंगोंच्या कानाला हेडफोन लावला. काहीतरी फरशीवर घासल्याचा आवाज, मग बोलण्याआधी घेतलेला श्वास. पुढे काही नाही.

त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग जवळचं स्टूल हाताने चाचपून म्हणाल्या, "हे ओढतोय तो. हेच."

अंगुयो आणखी काही सापडतं का ते बघायला पुन्हा कॉम्प्युटरकडे वळला.

"पुरे कर आता," नालोंगो म्हणाल्या. "शेंगदाण्याची आमटी केलीय. बस, जेव."

तो जेवायला बसला, पण स्टुलावर नाही, जमिनीवर.

फणसाखालचं दुकान अजून आहे. कुणी हळू चालणारा कॉम्प्युटर घेऊन आलं तर अंगुयो त्याला समोरच्या दुकानात पाठवतो. तो आता फक्त प्रिंटर दुरुस्त करतो.