कावळ्याच्या पानावरचा वडा

सर्वपित्री अमावास्या रविवारी आली आणि कावळ्यांची चंगळ झाली. नवीन पनवेलच्या इमारतींना खेटलेल्या त्या गावात घरोघरी पानं मांडलेली. कमळाकरांच्या घरामागच्या दगडी गडग्यावरचं पान कोण हुंगतो?

कमळाकर उन्हात हात जोडून उभे होते. "आये, वरचा मजला बांधतो, मग तर शीव गं!" मेलेल्या आईला आणखी दोन-चार आमिषं दाखवून ते घामाघूम होऊन घरात आले. कावळा शिवल्याशिवाय कुणी घास तोंडात घालायचा नाही. शिवला तरी आधी पुरुष, मग सासू गोदू आणि सगळ्यांत शेवटी सून प्रमिला, हा घरचा शिरस्ता.

प्रमिला आपटा गावची. तिच्या माहेरी ज्याला भूक लागेल तो टोपात हात घालायचा. इथे तिला पाचवा महिना लागलेला, पहाटेपासून वडे तिनेच तळलेले, आणि आता डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पोटातलं पोर ढुशा मारत होतं. तिला स्वतःपेक्षा त्याचीच भीती वाटत होती.

टीव्हीवर कार्टून लागलं होतं. एक मांजर टाचा उचलून, भिंतीला चिकटून फ्रीजकडे निघालेलं. "घे, घे! अख्खी कोंबडी घे!" प्रमिलाचा नवरा प्रदीप ओरडला. कमळाकरही पोट धरून हसले. चोराच्या बाजूने सगळं घर, फक्त चोर टीव्हीतला हवा!

स्वयंपाकघराच्या दारात गोदू ठाण मांडून बसलेली. तिथे डाळ शिजणार नव्हती. पण गडग्यावरचा वडा गेला तर कावळ्यानेच नेला म्हणतील. प्रमिलाने बांगड्या कोपराकडे सारल्या, वरून पदर गुंडाळला आणि टाचा उचलल्या. मोरीपाशी तांब्याला पाय लागला. मांजर सापडलं तर डोक्यात तवा बसतो आणि लोक हसतात. पितरांचं पान उष्टावणारी सून सापडली तर तिची रवानगी आपट्याला, कायमची.

कुणी आलं नाही. तिने वडा उचलला, सरपणाच्या आडोशाला बसली आणि अर्धा एकदम तोंडात कोंबला.

अंगावर सावली पडली. गोदू उभी होती.

गिळवेना, थुंकवेना. गोदूने वडा नसलेल्या पानाकडे पाहिलं, मग सुनेच्या पोटाकडे. मग घराकडे तोंड करून ती ओरडली, "अवो, कावला शिवला! वडा नेलान!"

"आये पावली रं!" आतून कमळाकरांचा आवाज आला, रडवेला आणि खूश.

गोदू खाली वाकली. "माज्याकडं मागायचं ना, पोरी," ती कुजबुजली.

"तुमी दिला असता, आई?"

गोदूचे डोळे भरून आले होते.

"नाय," ती म्हणाली. "नसता दिला. खा तो उरलेला, लवकर. पुरुषांची पानं वाढायची हायत."