सरांची थंडी

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो चांदवडच्या शाळेतल्या माझ्या भूगोलाच्या सरांचा. बारावीनंतर आमच्या घरात कॉलेज कुणी पाहिलेलं नव्हतं. इंजिनिअरिंगचा फॉर्म सरांनी भरून घेतला आणि प्रवेशाच्या दिवशी ते माझ्याबरोबर एसटीने नाशिकला आले. माझा नंबर लागेपर्यंत दिवसभर कॉलेजच्या व्हरांड्यात बसून राहिले. आज मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात इंजिनिअर आहे, ते त्या दिवसामुळे.

सर निवृत्त झाले. गेल्या दिवाळीत भेटायला गेलो तेव्हा आमच्या कारखान्यातल्या ट्रेकिंग ग्रुपचा विषय निघाला. जानेवारीत उत्तराखंडात बर्फाजवळ तंबूत दोन रात्री राहायचं ठरत होतं. सर म्हणाले, "तीस वर्षं हिमरेषा शिकवली रे. बर्फ काही पाहिला नाही. मी आलो तर चालेल का?" डॉक्टरांनी त्यांना परवानगी दिली, पण एका अटीवर: रात्री थंडी वाजता कामा नये. सरांना मधुमेह आहे, त्यांच्या पायांना आधीच मुंग्या येतात. म्हणजे सर येणार की नाही, हे त्यांच्या अंथरूण-पांघरुणावर ठरणार होतं, आणि ते निवडायचं काम मी घेतलं.

मी पिसांची स्लीपिंग बॅग घेतली. तिच्यावर उणे दहा असं ठळक लिहिलं होतं. तिथे रात्री उणे पाचपर्यंत उतरतं, त्यामुळे मी निश्चिंत होतो. खाली घालायला हवा भरायची गादी घेतली, हलकी आणि फुगवल्यावर चांगली जाड. डिसेंबरातल्या एका शनिवारी सरांच्या गच्चीवर तंबू लावला, सरांना चेन आतून कशी लावायची ते दाखवलं आणि आईवडिलांकडे झोपायला गेलो.

सकाळी गेलो तेव्हा सर तंबूतच होते. त्यांनी वहीत पहाटेचं तापमानही लिहून ठेवलं होतं: नऊ. झोप कशी लागली म्हणून विचारलं. "उत्तम," ते म्हणाले. मला फार बरं वाटलं. चहा झाला, सामान आवरलं.

निघताना सरांच्या पत्नी, आमच्या काकू, फाटकापर्यंत आल्या. त्यांनी आवाज खाली करून सांगितलं, "उत्तम कसली? एक वाजता खाली आले, घरातली जाड गोधडी वर नेली. तरी दोनला परत. मग इथेच कॉटवर झोपले. पहाटे पाचचा गजर लावून पुन्हा वर जाऊन पडले, तू यायच्या आत. तू एवढ्या हौसेने आणलंय, त्यांना बोलवेना." मग हसून म्हणाल्या, "म्हातारपणी नाटकात कामं करायला लागलेत."

परत आत जाऊन सरांना विचारणं मला जमलं नाही. सर एकदा बोलले की विषय संपला, ही आमची जुनी सवय. मी बसमध्ये बसलो.

नाशिकला आल्यावर बॅगेची चिठ्ठी नीट वाचली. ठळक आकडा होता तो कसाबसा तग धरण्याचा. आरामात झोप लागण्याचा आकडा खाली बारीक अक्षरात होता, उणे तीन. पण गच्चीवर तर नऊ होतं. मग मी ती गादी बाल्कनीतल्या फरशीवर टाकून तिच्यावर पडलो. अर्ध्या तासात कंबर आणि टाचा गार पडल्या. आत नुसती हवा, थंडी अडवणारं काहीच नाही. अंगाखालची पिसं वजनाने दबतात, तिथे बॅगेचा उपयोग नसतो. आणि वरून जड गोधडी टाकून सरांनी वरचीही पिसं दाबली होती. घरी थंडी वाजली की आपण पांघरूण वाढवतो. खाली काय आहे ते कुणी पाहत नाही. मीही पाहिलं नव्हतं.

दुसरी बॅग, आत थंडी अडवणारं अस्तर असलेली गादी आणि फोमची चटई घेतली. फोनवर सर "ठीक आहे रे" म्हणून मोकळे झाले असते, म्हणून पार्सलमध्ये पत्र घातलं:

"आदरणीय सर,
सा. न.
त्या रात्री गच्चीवरून तुम्ही खाली आला होतात, हे मला कळलं आहे. काकूंवर रागावू नका. चूक माझी होती, मी मोठा आकडा बघून बॅग घेतली आणि गादीचा विचारच केला नाही. पण तुम्ही उत्तम म्हणालात आणि मी ते खरं धरलं. तिथे रात्री खाली उतरायला घर नसेल.
नवीन गादी, त्यावर फोमची चटई, मग बॅग. वर गोधडी घेऊ नका. शनिवारी पुन्हा झोपून बघा. पाय गार पडले तर तसं वहीत लिहा, किती वाजता तेही लिहा. मला वाईट वाटेल म्हणून काही सोडू नका. पाय गारच राहिले तर आपण जानेवारीत जाणार नाही. एप्रिलमध्येही वर बर्फ असतो, तेव्हा मी रजा काढीन.
तुम्हाला असं लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणं भाग आहे.
आपला विद्यार्थी"