सुदामच्या गिटारीतल्या चिंध्या

हे मी बायकोलाही बोललो नाही. तुळजापुरात देवीसमोर कितीदा हात जोडले, तिथंही एवढं गिळून बाकीचं सांगितलं. आज तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका. मलाच नीट कळत नाही.

आमचा ऑर्केस्ट्रा होता. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, भागात सहकारी साखर कारखाना उभा राहिला होता, लग्नाला-गणपतीला आम्हाला बोलावणं यायचं. बेस गिटार वाजवणारे दोघं — मी आणि तेर गावचा सुदाम. दुष्काळी कामावर आम्ही शेजारी बसून खडी फोडलेली, एक भाकर दोघांत खाल्लेली. जिवाचा दोस्त म्हणतात ना, तसा.

दोघांच्या गिटारी हैदराबादच्या एका मोडलेल्या बँडकडून आणलेल्या. जुन्या, परदेशी, दिसायला जुळ्या बहिणी. दोन्ही अर्धपोकळ, पोटावर दोन वाकडी भोकं, फिडलला असतात तशी. फरक आत होता. माझ्या गिटारीत मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकडाचा ठोकळा. सुदामच्या गिटारीत तो अर्ध्यातच संपायचा. टिचकी मारली तरी कळायचं — माझी ठक्क, त्याची घुम्म. माझा सूर सरळ निघायचा, लांब टिकायचा, आवाज कितीही वाढवा, बिघडायचा नाही. पण कोरडा हो! त्याचा लवकर विरायचा, अन् तेवढ्यात काळजात शिरायचा. माणसं मान डोलवायची, कशावर डोलतोय हे त्यांना कळायचं नाही. मला कळायचं. लई जळायचो मी.

त्याच्या गिटारीत खोड एकच. आवाज मोठा केला की स्पीकरचा घुमारा पोटात शिरून ती हंबरायची. म्हणून मोठ्या कार्यक्रमाआधी सुदाम दोन्ही भोकांत आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबायचा. मग गुमान वाजायची.

ऑर्केस्ट्रा मास्तरांचा. एक दिवस त्यांनी सांगून टाकलं, दोघं नकोत, एकच ठेवणार. कारखान्याच्या मोळीपूजनाला, गाळप सुरू होतं त्या दिवशी, दोघांनी एकेक गाणं वाजवायचं. जो उजवा, तो राहील.

आता पुढचं — थांबा जरा.

सुदामचे वडील त्या दिवशी पहिल्यांदाच त्याला ऐकायला आले होते. त्यांना पुढं बसवायला तो मंडपात गेला. गिटार माझ्यापाशी ठेवून. "बघ रं जरा," एवढंच म्हणाला. मी भोकांत बोटं घातली, चिंध्या ओढून काढल्या आणि खिशात कोंबल्या. मागं-पुढं पाहिलं का? नाही. खोटं कशाला सांगू?

पहिल्याच सुराला ती हंबरली. सुदामनं तारा तळव्यानं दाबल्या, पुन्हा सुरुवात केली — पुन्हा तेच. ऊस आणणारे गाडीवान, सभासद, चेअरमनसाहेब, सगळा मंडप हसला. कुणीतरी ओरडलं, "आरं, म्हस व्याली का काय!" त्याचे वडील मान खाली घालून बसले.

पण खरं पाप हे नव्हेच. मंडपामागं सुदाम आला, तोंड उतरलेलं. रिकाम्या भोकांत बोटं फिरवत म्हणाला, "म्या चिंध्या भरल्या व्हत्या ना रं? तू बघितलं व्हतंस न्हवं?"

तेव्हा सांगता आलं असतं. मास्तर तिथंच उभे होते.

मी म्हणालो, "न्हाय गड्या. इसरलास तू."

आणि त्यानं ते मानलं! माझा संशय त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही. उलट कपाळावर हात मारून घेतला.

जागा मला मिळाली. सुदामनं गिटार विकली आणि शेती धरली. ते मी एक वेळ विसरलोही असतो. पण त्याचा स्वतःवरचा भरवसा गेला, तो गेलाच. विहिरीवरची मोटार बंद केली का, गोठ्याचं दार ओढलं का — परत परत जाऊन बघतो. वहिनी वैतागतात, पोरं चेष्टा करतात. तो हसत सांगतो, "तरुणपणीच इसरभोळा झालो म्या. ह्याला इचारा की, ह्यो व्हता तिथं." अन् मी — मी मान हलवतो. दर वेळी.

परवा त्याच्या नातीच्या साखरपुड्याला आम्ही दोघं त्याच्या घरून निघालो होतो. रस्त्यावर आल्यावर तो थबकला. "कुलूप तू बघून ये. माझं काय खरं न्हाय."

मी गेलो. कुलूप नीट लागलं होतं, त्यानंच लावलेलं. परत येऊन म्हणालो, "लागलंय."

तेव्हा कुठं त्याला बरं वाटलं. माझ्या खांद्यावर हात टाकून तो चालायला लागला.