न पडलेलं तिसरं पाऊल

नव्वदच्या दशकात मी नाशिकला बँकेत नोकरी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी शालेय बास्केटबॉलच्या सामन्यांना पंच म्हणून उभा राहायचो. माझी शिट्टी कडक म्हणून ओळखली जायची. त्याचा मला गर्वच होता.

त्या वर्षी मुलींच्या अंतिम सामन्यात शहरातल्या एका शाळेसमोर सटाण्याकडची शाळा होती. पहाटेच्या एसटीनं आलेल्या त्या मुली मातीच्या मैदानावर शिकलेल्या. त्यांना पावलांचे नियम कुठून माहीत असणार, असं मी सामना सुरू व्हायच्या आधीच मनात धरलं होतं.

शेवटची काही सेकंदं उरली होती. सटाणा एका गुणानं मागे. त्यांची एक डावखुरी मुलगी चेंडूचे टप्पे मारत डावीकडून घुसली, चेंडू हातात घेतला, दोन पावलं टाकून उडाली. चेंडू जाळीतून खाली पडला, पण तोवर मी शिट्टी वाजवून दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या होत्या. ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू हातात धरून दोनपेक्षा जास्त पावलं. बास्केट रद्द.

"बरोबर शे ना!" बरोबर आहे ना, असं त्यांच्या बाकावरून कुणीतरी अहिराणीत ओरडलं.

हात खाली येईपर्यंत मला कळलं होतं. चेंडू हातात यायच्या आधीचं पाऊल मी मोजलं होतं. शिट्टी मागे घेता आली असती. समोर शहरातले सगळे ओळखीचे शिक्षक बसले होते. मी घेतली नाही.

सामना संपल्यावर ती माझ्याकडे आली. रडत नव्हती.

"सर, माझं कुठलं पाऊल चुकलं?"

"तीन झाली," मी म्हणालो. "मोजायला शीक."

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. डावीकडून तशीच घुसायची, पण रिंगखाली पोचली की थबकायची. ओठ हलायचे. एक, दोन. तेवढ्यात समोरची मुलगी चेंडू अडवायची. मध्यंतरात मी त्यांच्या सरांना विचारलं, हिला झालं काय?

"तुम्हीच सांगितलंत ना तिला," ते अगदी साधेपणानं म्हणाले. "वर्षभर रोज पावलं मोजतेय."

माझ्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला. मी तिच्याजवळ गेलो. "गेल्या वर्षी तुझी दोनच पावलं होती. चूक माझी होती."

ती माझ्याकडे वळली. "तुम्हाला कधी कळलं, सर?"

"तेव्हाच."

ती वाकून बुटाची नाडी बांधायला लागली. नाडी आधीच बांधलेली होती.

उत्तरार्धातही ती थबकतच खेळली. एकदाही उडाली नाही. सटाणा हरलं. एसटीत चढताना त्यांच्या सरांनी मला हात केला, तिनं केला नाही. त्यानंतरही मी बरीच वर्षं पंच राहिलो, चुकलेल्या शिट्ट्या जागच्या जागी मागे घ्यायला शिकलो. लोक म्हणायचे, सर आता मवाळ झाले. मी कारण कुणाला सांगितलं नाही.