उदबत्तीची सोळा घरं

चहा आधी पिऊन घ्या, मग सांगते. नाहीतर अंगावर सांडाल आणि मलाच नावं ठेवाल. वेडेपणा मी जन्मभर केला, पण यंदाच्या संक्रांतीला जो केला, त्याला तोड नाही!

सुरुवात अर्थातच आमच्या ह्यांच्यापासून. टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? देवळात जातात, नातवंडांना फिरवतात. आमचे हे सिंथेसायझर बनवतात. तोही मॉड्युलर! म्हणजे वाद्यच म्हणायचं, पण पेटीसारख्या पट्ट्या नाहीत. एक मोठा लाकडी खोका, त्यात डझनभर डबे. एक डबा आवाज काढतो, दुसरा तो चिरका करतो, तिसरा जाड करतो. डबे तारांनी एकमेकांना जोडायचे आणि वरचे जाड दांडे पिळत बसायचं. एवढ्या खटाटोपातून निघतं काय? "हूंऽऽऽ." बस! एवढं तर आमचा जुना फ्रिजही करायचा, आणि वर भाजी थंड ठेवायचा.

त्याचे भाग म्हणे दुकानात मिळत नाहीत. मग काय, आमच्या जबलपुरात सदर बाजारच्या भंगारवाल्याकडे फेऱ्या, गढा भागातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे फेऱ्या. माझ्या लोणच्याच्या बरणीत ट्रान्झिस्टर! डाळीच्या डब्यात हात घालावा तर स्क्रू!

तर झालं असं. माझ्याकडे हळदीकुंकू होतं. आदल्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "अहो, सोळा जणी येणार आहेत. सदरला जाऊनच राहिले तर वाणासाठी काही बघा."

"हूं," म्हणाले. म्हणजे खोक्यातला आवाज आणि मालकाचा आवाज एकच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे तारा आणायला बाहेर गेले. मी खोलीत डोकावले, तर टेबलावर स्वच्छ फडकं, आणि त्यावर रांगेत मांडलेल्या पितळी वस्तू. माझ्याच चिंचेने घासून लख्ख केलेल्या. गोल, जड, कडेला बारीक खाचा, मधोमध भोक आणि बाजूला इवलासा स्क्रू. मोजल्या. बरोबर सोळा!

एक उदबत्ती भोकात खोचली, स्क्रू पिळला. काडी शिपायासारखी ताठ उभी! बाई गं, लग्नाला तीस वर्षं झाली, पहिल्यांदा ह्या माणसाने काही कामाचं आणलं! सोळा बायका, सोळा उदबत्तीची घरं. तुम्हीच सांगा, शहाण्या बाईने आणखी काय समजायचं?

लुटलं वाण! काय तो माझा थाट! दोन दिवसांपूर्वी एकीने प्लास्टिकची चाळणी दिली होती. तिच्या हातात पितळ ठेवताना मी मुद्दाम हळूच ठेवलं. वजन कळावं म्हणून.

दीक्षितपुऱ्याच्या कुसुमताई आमच्यात सगळ्यांत वडील. त्या म्हणाल्या, "सुमन, कुठून आणली गं? भलतीच मजबूत आहेत."

"ह्यांची निवड," मी मान वर करून म्हटलं.

संध्याकाळी निवडकर्ते घरी आले.

"सुमन, इथे सोळा नॉब होते."

"कसले नॉब? उदबत्तीची घरं होती."

"काय?"

"वाण दिलं मी. सगळ्यांना फार आवडलं."

हे स्टुलावर बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "जुन्या वायरलेस सेटचे होते ते. तीन वर्षं एकेक करून जमवले. आत्ताचे नॉब ह्या जाड दांड्यांवर बसत नाहीत, आणि नुसते दांडे बोटांतून घसरतात. रविवारी मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात दहा मिनिटं दिली होती मला. नाही म्हणून कळवतो."

आणि खोक्यातल्या तारा उपसायला लागले. त्या खोक्याचा मी रोज उद्धार करते हो, पण ते काही मला बघवेना.

आता दिलेलं वाण परत मागणारी बाई तुम्ही पाहिली आहे? नाही ना? बघून घ्या!

दुसऱ्या दिवशी पहिलं घर कुसुमताईंचं. खरं सांगायचं ठरवून गेले होते. पण देवासमोर उदबत्ती जळत होती, आणि ती आमच्या नॉबमध्ये! तोंडातून भलतंच निघालं, "ताई, ते परत द्या. मिलिटरीचा माल निघाला."

"काहून? मिलिटरीवाले उदबत्ती लावतात काय?"

"तसं नाही हो. त्यात धोका आहे म्हणतात."

बिचाऱ्यांनी निमूटपणे काढून दिलं. मला वाटलं, जमलं! तिसऱ्या घरी मी म्हटलं, आत थोडी बारूद राहिली आहे. सहाव्या घरी म्हटलं, तापलं की फुटतं. मिश्रा भाभी किंचाळल्याच, "हाय राम! दीदी, मैंने तो सुबह से दो बार अगरबत्ती जलाई!" आणि सांडशीने उचलून माझ्या पिशवीत टाकलं. दहाव्या घरी माझ्या थापेत तर कटनी शहरात एक फुटलंसुद्धा!

सोळावं घर झालं. पिशवी अंगापासून हातभर लांब धरून ऑटोत बसले. "भैया, गड्ढे बचाके चलना!"

रविवारी हॉल भरलेला. स्टेजवर हे, समोर खोका, त्यावर सोळा पितळी नॉब झगमगताहेत. मी पहिल्या रांगेत. आधी हूं झालं. मग हूंहूं झालं. मग ह्यांनी कोपऱ्यातला नॉब कचकन पिळला.

धडाम्!

"पळा! फुटलं!" मी ओरडले आणि खुर्च्यांमधून धावत सुटले ती थेट फाटकापर्यंत! मागे वळून पाहते तर कोणीच नाही. सगळे आपापल्या जागी. ज्या गावात तोफगोळ्यांच्या चाचणीने रोज खिडक्या वाजतात, तिथे एका धडामला कोण उठतं? माइकवरून ह्यांचा आवाज आला, "बसून राहा, ढोलाचा आवाज होता तो." त्यावर टाळ्या!

कुसुमताई माझी एक चप्पल हातात घेऊन बाहेर आल्या.

"कशाला पळालीस गं?"

"ताई, ती बारूद..."

"कसली बारूद? वाण परत मागायला लाजून राहिली होतीस, ते माझ्या दारातच कळलं मला. तू जिना उतरलीस आणि मी सगळ्यांना फोन केले. म्हटलं, काही विचारू नका, देऊन टाका. तिचं मन राखा."

"पण मिश्रा भाभींनी तर सांडशीने..."

"ती जरा जास्तच करते. मी तिला फक्त घाबर म्हटलं होतं."

म्हणजे बघा! एक थाप मी सोळा घरी जाऊन मारली, आणि सगळ्या जबलपुरात ती खरी मानणारी एकच बाई निघाली. तीही एका चपलेवर फाटकात उभी होती.