छत्रीवाला माणूस

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण टेप असायचाच. कुणाकडे गेली की चहा येईपर्यंत हिचं लक्ष दाराच्या चौकटीवर. "सहा फूट नऊ," असं पुटपुटायची आणि नवरा तिकडून डोळे वटारायचा. बारा वर्षं ती आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग्ज काढत होती. आधी डिप्लोमा, मग नोकरी सांभाळून डिग्री, मग मुलगी, आणि आता छत्तिसाव्या वर्षी बाईंना पुढचं शिकायचं होतं. दुसऱ्यांच्या इमारती रेखून रेखून जीव विटला होता. निदान एक तरी स्वतःची उभी करायची होती.

कॉलेजला वयाची अट होती आणि तिच्यासाठी हे शेवटचं वर्ष. अर्जाबरोबर हाताने काढलेली वीस ड्रॉइंग्ज मागितली होती. एकोणीस चालणार नाहीत, हे ठळक अक्षरांत छापलेलं. प्रत्येक कागदाच्या मागे, ज्यांच्या देखरेखीखाली काम झालं त्यांची सही हवी. शिवाय एक प्रतिज्ञापत्र: हे सर्व काम माझ्या हातचे आहे. आज शुक्रवार. पाच वाजता अर्जाची खिडकी बंद होणार होती.

साडेदहाला साहेबांनी वीस सह्या ठोकल्या. फोन खांद्यात धरलेला, एकाही कागदाकडे नजर नाही. त्यांना काय, उलटी बाजू दिली असती तरी सही केली असती. म्हणजे उलट्याच बाजूवर करायची होती म्हणा.

कागदांना नंबर घालता घालता ती चौदाव्यापाशी थांबली. शाळेच्या व्हरांड्याचं ड्रॉइंग. सात कमानी, खाली लांबच लांब पडलेली सावली. विसांत हेच सगळ्यांत देखणं, आणि खरं सांगायचं तर अर्ज करायचा धीर तिला ह्याच कागदाने दिला होता. तिसऱ्या कमानीशी धूळ दिसली म्हणून तिने फुंकर मारली. ती धूळ नव्हती.

कमानीखाली एक माणूस उभा होता. मिटलेली छत्री काठीसारखी टेकवून.

ड्रॉइंगमध्ये माणूस काढतात तो शोभेसाठी नव्हे. माणूस नसला तर दार केवढं, खांब केवढा, बघणाऱ्याला कळत नाही. प्रत्येक हाताचा माणूस ठरलेला असतो. मोजपट्टीची खांद्याला पिशवी लावलेली बाई. छत्रीवाला काकांचा. काका म्हणजे शेजारच्या टेबलावरचे म्हातारे ड्राफ्ट्समन. पेन्सिलीला टोक कसं काढायचं इथपासून त्यांनी तिला शिकवलं होतं. डोळे गेले तशी तीन वर्षांपूर्वी त्यांनी नोकरी सोडली.

आता सगळं आठवलं. बाळंतपणाची रजा संपवून ती आली तेव्हा हा कागद टेबलावर होता. तिने फक्त अक्षरं लिहिली, मागची झाडं काढली आणि कोपऱ्यात सवयीने आपली आद्याक्षरं टाकली. बाकी सगळं काकांचं. आणि नऊ वर्षं ती हे आपलं म्हणून मनात मिरवत होती! तिला स्वतःची लाज वाटली. पण लाजेहून भीती मोठी होती. सव्वाबारा झाले होते.

कुणाला कळणार होतं? साहेबांची सही झालीच होती. फक्त ती छत्री तेवढी सांगत होती. तिने इकडेतिकडे बघितलं, खोडरबर घेतला आणि छत्रीची मूठ घासली. मग दांडा. अर्धी छत्री गेली आणि तिने खोडरबर खाली ठेवला. ह्या हाताला पेन्सिल धरायला ज्याने शिकवलं, त्याचाच माणूस ती पुसत होती. तिने कागद गुंडाळला, बाकीचे एकोणीस काखेत मारले आणि जिना उतरली.

काका दोन गल्ल्या सोडून, दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत एकटेच राहायचे. धापा टाकत तिने कागद त्यांच्यापुढे पसरला.

"काका, हे तुमचं ना?"

काकांनी कागद नाकाला लागेल इतका जवळ धरला. बराच वेळ बघितलं. मग तिसऱ्या कमानीवरून अंगठा फिरवला. घासलेल्या कागदाचा खरखरीतपणा त्या अंगठ्याला कळला नसता तर नवल.

"माझं? छे," ते म्हणाले. "माझ्या माणसाला छत्री असते. हा नुसताच उभा आहे. तुझंच आहे हे. जा, देऊन टाक."

तिला रडूच कोसळलं. "मी खोडली छत्री. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी. तुम्हाला कळलंय, काका."

"कळलं तर कळलं. ह्या वयात मला कुठे अर्ज करायचाय?"

"मी नाही देणार हे."

"मग वीस कसे होणार, मोजपट्टी?"

तिने डोळे पुसले. भिंतीवरच्या घड्याळात पावणेएक. तिने खोलीकडे बघितलं: एकच खिडकी, तिच्या उजेडात ओढून घेतलेली खुर्ची, वर हात पोचेल अशी फळी, पलंगापासून दारापर्यंत बांधलेली दोरी. कमी दिसायला लागल्यापासून काकांनी सगळं आपल्या हातांच्या बेताने लावून घेतलं होतं. तिने पर्समधून टेप काढला.

"ही खोली काढते."

"डोकं फिरलंय का? तीन तासांत?"

"टोक करून द्या पटापट. बोलू नका."

काकांनी पलंगाखालून जुन्या कागदाची गुंडाळी काढली आणि चाचपत चाचपत पेन्सिलींना टोकं करत बसले. ती जमिनीवर पालथी पडून रेघा ओढत होती. दोनला खिडकी झाली, तीनला फळी, पण दोरी तीनदा चुकली. नवऱ्याचा फोन दोनदा वाजला, तिने उचलला नाही. मानेला कळ लागली होती आणि हाताला घाम फुटून कागद ओला होईल की काय ह्या धास्तीने ती मनगटाखाली रुमाल धरून काम करत होती. शेवटी दोरीला धरून उभा असलेला माणूस काढला. चार वाजून पाच मिनिटं.

"करा सही. तुमच्या देखरेखीखाली झालंय."

काकांनी पेन घेतलं नाही. आपली जुनी स्केल मागितली, ती माणसाला लावली आणि वाकून बघितलं.

"हा कोण?"

"तुम्ही."

"केवढा काढलास?"

"पाच फूट सहा असेल. काका, वेळ नाहीये!"

"मी पाच चार आहे. चुकीच्या मापावर मी सही करत नाही."

"दोन इंच, काका! कागदावर अडीच मिलिमीटर! कोण बघतंय?"

"मी," आंधळे होत चाललेले काका म्हणाले.

तिला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटलं. दोन्हींना वेळ नव्हता. तिने डोकं, खांदे, हात सगळं खोडलं आणि माणूस पाच फूट चारवर आणला. काकांनी पुन्हा स्केल लावली, मान हलवली आणि मागच्या बाजूला सावकाश, वाकडीतिकडी सही केली. चौदावा कागद तिने त्यांच्या पलंगावर ठेवला. कोपऱ्यातली आपली आद्याक्षरं तेवढी खोडून.

कॉलेजच्या खिडकीशी ती पोचली तेव्हा पाचाला सहा मिनिटं कमी होती. क्लार्कने थुंकी लावून कागद मोजले. वीस भरले. शेवटचा मात्र त्याने उजेडात धरला.

"इथे माणसाच्या डोक्यावर काहीतरी खोडलंय, मॅडम."

"हो," ती म्हणाली. "माप चुकलं होतं."

त्याने तिच्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि शिक्का मारला.