निरोप मोडतो तेव्हा

सांगलीच्या कॉलेजात मी एम.एस्सी.ला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते. एका तासाला सरांनी सांगितलं, की जनुकातला निरोप घेऊन मेसेंजर आरएनए सुटतो, त्याबरहुकूम प्रथिनं बनतात, आणि जीवाणूंत तो काही मिनिटांतच मोडतो.

"सर, हे आपल्याला दाखवता येईल?" मी विचारलं.

"त्याला किरणोत्सारी द्रव्यं लागतात. आपल्याकडं कुठली? पाठ करा, परीक्षेत येतं."

दिवाळीच्या सुट्टीत मी माण तालुक्यातल्या आमच्या गावी गेले. आईला क्षय झाला होता. भाऊ फौजेत, म्हणून लष्करी दवाखान्यातून तिला तेव्हा दुर्मीळ असलेल्या रिफाम्पिसिनच्या लाल कॅपसुली मिळत. त्या तिनं चार दिवस घेतल्याच नव्हत्या.

"लगवी लाल व्हतीया. रगात पडतंय का काय मला?"

"आई, ते रगात न्हाई. औषधाचाच रंग हाय." मग तिला कळेल असं सांगू लागले. "जंतूच्या पोटात सारखे निरोप सुटत्यात, हे बनव, ते बनव. ह्ये औषध नवा निरोप सुटूच देत न्हाई."

"आन् जुन्या निरोपावर त्यानं भागवलं तर?"

"जुने टिकत न्हाईत, लगेच मोडत्यात."

"तू बगितलंयस?"

"न्हाई. पुस्तकात हाय."

तिनं माझ्याकडं पाहिलं, कॅपसूल तोंडात टाकली आणि पाणी प्याली. पुढं एकही चुकवली नाही आणि वर्षभरात ती खडखडीत बरी झाली. पण तिच्या त्या प्रश्नानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. आपण हे बघायचंच, असं ठरवून मी सांगलीला परतले.

वाचता वाचता साधी वाट सापडली. आतड्यातल्या जीवाणूंना दुधातली साखर दिली, की ती पचवायला ते एक विकर, म्हणजे एन्झाइम, बनवतात. एका रसायनावर हे विकर पिवळा रंग आणतं. जितकं विकर, तितकं पिवळं. मध्येच रिफाम्पिसिन घातलं तर नवे निरोप थांबतील. जुने टिकत असतील तर पिवळेपणा वाढतच राहील. मोडत असतील तर थोडा वाढून थांबेल.

रसायन पुण्याच्या मैत्रिणीनं पाठवलं. मिरजेच्या एका डॉक्टरांनी मुदत संपलेल्या कॅपसुली दिल्या. पहिल्या दिवशी नेमकी वीज गेली, तेव्हा कोमट पाण्याच्या पातेल्यात फ्लास्क धरून मी हातानंच हलवत बसले. औषध घातल्यावर दर थोड्या मिनिटांनी फ्लास्कमधला नमुना एकेका नळीत काढून रसायन घातलं, तरी प्रत्येक नळी आधीच्या नळीपेक्षा पिवळी होत गेली.

सर म्हणाले, "झालं समाधान? आता अभ्यासाला लागा."

मी फ्लास्क धुवायला घेतला तर तळाशी लाल भुकटी तशीच बसलेली. औषध पाण्यात विरघळलंच नव्हतं! पुढच्या वेळी ते मिथेनॉलमध्ये विरघळवलं. मिथेनॉलनंच जीवाणू थांबले असं कुणी म्हणू नये, म्हणून दुसऱ्या फ्लास्कमध्ये नुसतं मिथेनॉल घातलं. तर आता औषधाच्या लालीत पिवळा रंग दिसेना. मग प्रत्येक नमुना बर्फात ठेवला, हातानं फिरवायच्या सेंट्रिफ्यूजवर जीवाणू तळाशी बसवले, वरचं लाल पाणी ओतून दिलं आणि मगच रसायन घातलं. खांदे भरून आले. दोनदा नळ्या फुटल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

अखेर एका दुपारी नळ्या ओळीनं लावल्या. नुसत्या मिथेनॉलच्या फ्लास्कमधल्या नळ्या एकीपेक्षा एक गडद होत गेल्या होत्या. औषधाच्या फ्लास्कमधल्या थोड्या गडद झाल्या आणि तिथंच थांबल्या. नंतरच्या सगळ्या सारख्याच फिकट पिवळ्या.

सरांनी खिडकीच्या उजेडात एकेक नळी धरून पाहिली. बराच वेळ पाहिली.

"पुन्हा करून दाखवाल?"

"आत्ता?"

"आत्ताच. सेंट्रिफ्यूज मी फिरवतो," असं म्हणत त्यांनी बाह्या वर सारल्या आणि मी ताजा बर्फ आणायला निघाले.